इवाई, शांताराम आणि ठाणेदारीण

कोणालाच, कधीच, कशालाच 'नाही' म्हणू न शकलेला माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा निघाला. पुस्तकात ह्या नात्याला व्याही म्हणतात. आमच्याकडे इवाई म्हणतात. पुस्तकातला व्याही म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे मिशीला पीळ देणारा, मानपानावरून मांडवात रुसून बसलेला कोणीतरी येतो. आमच्या इवायांना रुसणं जमलंच नाही. रुसायलासुद्धा पोटात थोडा तरी 'नाही' लागतो.

लेकीचं लग्न जुळवायला आम्ही मोठ्या आंजीला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. माझ्या भावानं विचारलं, "लगन तुमच्या दारी करायचं का आमच्या?" इवाई म्हणाले, "हो." भावाला वाटलं, ऐकू कमी येत असेल. त्यानं पुन्हा विचारलं, "कोनाच्या दारी म्हनतो मी?" इवाई मान हलवत म्हणाले, "हो नं, बराबर हाय तुमचं." शेवटी सैपाकघरातून विहीणबाईंचा आवाज आला, "लगन देवळीले, पोरीच्या दारी. आन् चहा घ्या अगुदर, थंडा होऊन राह्यला." त्या दिवशीच माझ्या ध्यानात आलं, की ह्या घरात 'हो' म्हणायचं खातं तेवढं इवायांकडे आहे, बाकीची सगळी खाती विहीणबाईंनी स्वतःकडे ठेवलेली आहेत. पण एक सांगते, ज्या घरात सासरा असा, त्या घरात लेक देताना आईच्या पोटात गोळा येत नाही. माझ्या आला नाही.

त्यांची भाजीची वाडी आहे. वांगी, मेथी, टमाटर, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर हो, आमच्याकडे तिला दुसरं नाव नाही. पूर्वी माल घेऊन वर्ध्याच्या बाजारात इवाईच जायचे. एकदा असेच ते सांबाराचं टोपलं घेऊन वर्ध्याच्या स्टँडवर उतरले. तिथं देवळीच्या गाडीचा कंडक्टर दारात लटकून ओरडत होता, "चला काका, बसा लवकर, जागा हाय!" आता एवढ्या प्रेमानं कोणी जागा देतोय म्हटल्यावर इवाई बसले. भर उन्हात टोपल्यासकट माझ्या दारात येऊन उभे. मी घाबरले, लेकीकडे काही झालं की काय. म्हटलं, "इवाई, इकडे कसे?" तर घाम पुसत म्हणाले, "तो बसा म्हने, इहीनबाई." बस्स, एवढंच कारण. त्यांना जेवू घातलं आणि तो सांबार गल्लीत वाटून टाकला. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत एक घर नव्हतं जिथून सांबारवडी तळल्याचा वास येत नव्हता.

बाजारात बसले तरी तीच तऱ्हा. एखादी बाई वांगं उलटंसुलटं करून म्हणायची, "हे किडकं दिसते." इवाई तिच्याबरोबर वाकून पाहायचे आणि म्हणायचे, "दिसते खरं." मग ते वांगं तिलाच देऊन टाकायचे, आणि किडक्याच्या सोबतीला वर एक चांगलं. त्यांच्यापुढे रोज केवढी गर्दी! त्यांचा माल सगळ्यात आधी खपायचा आणि घरी ते सगळ्यात हलक्या खिशानं यायचे. शेवटी विहीणबाईंनी टोपलं आपल्या डोक्यावर घेतलं आणि नवऱ्याला सांगितलं, "तुमी घरी राहा. वाडीले पानी द्या आन् कोंबड्या पाहा." इवाई म्हणाले, "हो."

त्यांचा स्वतःचा असा शौक एकच, खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधलेली ती पुडी. जेवणाचं ताट सरकवलं की त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात जायचा. सगळ्या जगानं त्यांना खर्रा सोडायला सांगितलं. डॉक्टरनं सांगितलं, लेकानं सांगितलं, माझ्या लेकीनं सून असून हात जोडून सांगितलं. प्रत्येकाला इवाई मनापासून "हो" म्हणाले, आणि हो म्हणता म्हणताच त्यांच्या बोटांनी पन्नीची गाठ सोडलेली असायची. तेव्हा त्यांना 'नाही' म्हणता येत नव्हतं असं तरी कसं म्हणावं? येत होतं. फक्त ते 'हो' असं ऐकू यायचं.

आता मालक असा म्हटल्यावर कोंबडा कसा असणार! त्याचं नाव शांताराम. नाव इवायांनीच ठेवलेलं. दिसायला म्हणाल तर गावच्या पाटलासारखा रुबाब. मानेवर तांबडी-सोनेरी झालर, शेपटीत हिरवट काळी पिसं, चाल अशी की जणू वाडी त्याच्याच नावावर आहे. आणि स्वभावानं गरीब गाय. उकिरडा उकरून एखादा किडा सापडला की हा स्वतः खायचा नाही. 'कुट कुट कुट' करून सगळ्या कोंबड्यांना बोलवायचा आणि दोन पावलं मागं सरून उभा राहायचा, लग्नातल्या यजमानासारखा. कोंबड्या धावत यायच्या, किडा खायच्या, आणि खाऊन झालं की उपकार फेडल्यासारखी त्याच्या तुऱ्यावर एकेक चोच हाणायच्या.

त्यांची पुढारी एक बोडक्या मानेची, ठेंगणी, करड्या रंगाची कोंबडी होती. तिला इवाई ठाणेदारीण म्हणायचे. ती आली की कुत्रंसुद्धा ओसरीवरून उठायचं. तिनं पहिली चोच मारून रक्त काढायचं आणि मग बाकीच्यांनी तुटून पडायचं, असा त्यांचा रिवाज. कोंबडीच्या जातीला लाल ठिपका दिसला की चैन पडत नाही, तो टोचून टोचून मोठा करावासा वाटतो. माणसांतही अशी जात आहे, पण ती अंडी देत नाही. शांतारामचा तुरा कायम फाटलेला, पाठीवरची पिसं उपटलेली. आणि तो मात्र पुन्हा किडा सापडला की पुन्हा 'कुट कुट कुट'.

इवायांनी आधी समजुतीनं घेतलं. मी डोळ्यांनी पाहिलंय, हा माणूस अंगणात उकिडवा बसून ठाणेदारणीला हात जोडून सांगत होता, "बाई, तुमाले काय कमी हाय? दाना हाय, पानी हाय, सावली हाय. मंग त्या गरिबाले काऊन मारून राह्यल्या?" ठाणेदारणीनं मान वाकडी करून सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्याला चोच मारली. मग कोणीतरी सांगितलं, रक्ताचा लाल रंग झाका म्हणजे टोचायच्या थांबतील. इवायांनी तव्याखालची काजळी तेलात कालवून शांतारामचा तुरा काळा केला. तो बिचारा आधीच लाजाळू, त्यात तोंड काळं झालेलं. दिवसभर तुरीच्या काड्यांच्या ढिगामागून बाहेर आला नाही. विहीणबाई बाजारातून आल्या, पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अवो, कोंबड्याले काजळ लावून राह्यले! कोनाची नजर लागून राह्यली त्याले?"

"हो."

"हो काय? कोनाची म्हनते मी!"

"ठाणेदारनीची," इवाई म्हणाले.

असं चाललं होतं. त्यात पावसाळ्यात आमच्या नातवाला, अंशूला, ताप भरला. त्यांचाही नातू आणि माझाही. ताप उतरेचना. वर्ध्याला दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, पोट्टं डोळे उघडेना. मी देवळीहून धावत गेले. दवाखान्याच्या त्या लांबलचक व्हरांड्यात विहीणबाई उभ्या होत्या. कोणाला न भिणारी बाई ती. बाजारात दलालाला घाम फोडणारी. तिनं आंजीच्या दिशेला तोंड केलं, पदर पसरला आणि म्हणाली, "मरीमाय, माह्या लेकराले उठव. घरचा कोंबडा वाहीन तुले. इकतचा नाई, घरचा." आणि मग इवायांकडे वळून विचारलं, "वाहू नं?" इवाई म्हणाले, "हो." मीही म्हटलं, हो बाई, वाहा. त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात कोंबडा होता? पोरगं होतं.

अंशू उठला. चांगला खणखणीत झाला, दवाखान्यातून घरी आला. आणि त्याला कडेवर घेऊन अंगणात पाऊल टाकताना इवाई एकदम थबकले. कुंपणावर शांताराम बसला होता. घरचा कोंबडा म्हणजे काय, घरात कोंबडा एकच होता.

आता करता काय? 'हो' तर म्हणून बसले होते. अंशूच्या अंगात ताकद येईपर्यंत मीही आंजीलाच राहिले होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या देखत झालं. नवस फेडायच्या आधी विहीणबाईंनी मरीमायच्या भगताला घरी बोलावलं. भगत म्हणजे देवीचं सगळं करणारा गावातला एक म्हातारा, गालात खर्रा आणि कपाळावर कुंकू, दोन्ही बारमाही. देवीला वाहायचा कोंबडा अखंड लागतो. तुरा शाबूत, डोळे शाबूत, पिसं-नखं शाबूत. खोड असलेला चालत नाही. भगतानं शांतारामला उचलून फिरवून पाहिलं आणि हसला. "बाई, हा कोंबडा होय का लढाईतून पळून आलेला शिपाई? फाटक्या तुऱ्याचा मायले चालत नाई. भरू द्या जखमा, मंग आना."

विहीणबाईंनी नवऱ्याला सांगितलं, "याले कोंबड्याइपासून अलग ठेवा. हळद-तेल लावा." इवाई म्हणाले, "हो." आणि ह्या बाबतीत त्यांचं 'हो' अगदी खरं होतं. त्यांनी शांतारामला ओसरीवर डाल्याखाली ठेवलं. डालं म्हणजे बांबूची मोठी टोपली, पालथी घालायची. सकाळ-संध्याकाळ हळद-तेल. ज्वारी भिजवून द्यायची. कडुनिंबाचा पाला बुडाशी अंथरायचा. सुनेच्या बाळंतपणात कोणी केली नसेल अशी शुश्रूषा. शांतारामची पाठ भरली, नवी पिसं चकाकायला लागली, तुरा जास्वंदीसारखा लाल झाला. इवाई रोज मला बोलावून दाखवायचे, "पाहा इहीनबाई, कसा भरून आला!" त्यांचा चेहरा असा फुललेला असायचा, की पुढचं बोलायचा मला धीर झाला नाही. ते बोलल्या विहीणबाई. एका सकाळी डाल्यात डोकावून म्हणाल्या, "वा! आता खरा देवीचा कोंबडा शोभते. येत्या मंगळवारी नेऊ."

इवायांचं हळदीचं बोट हवेतच राहिलं. तेव्हा त्यांना उमगलं, आपण ज्याला जपत होतो त्याला एकेक बोट हळदीनं सुरीकडे ढकलत होतो. आणि इतके दिवस त्याला जिवंत कोणी ठेवलं होतं? ठाणेदारणीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत उभी होते, तर इवाई इकडे-तिकडे बघत ओसरीवरून उतरले. बगलेत शांताराम. खुराड्यापुढे त्याला अलगद सोडला आणि कोंबड्यांना हात जोडून म्हणाले, "बाई, एक डाव. लहानसंच टोचा. तुऱ्याच्या टोकाले." मी तोंडातला फेससुद्धा थुंकायची विसरले. पण ठाणेदारीण कुठं होती? ती खुडूक झालेली. अंड्यांवर जी बसली होती ती कशाला उठते! आणि पुढारी बसल्यावर बाकीच्या एकदम सज्जन झाल्या. शांतारामनं माती उकरली, किडा काढला, 'कुट कुट कुट' केलं, दोन पावलं मागं सरला. कोंबड्या आल्या, खाऊन आपल्या वाटेनं गेल्या. एकीनं त्याच्या अंगाला अंग घासलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! शांतारामला आपलं भाग्य फळफळल्यासारखं वाटलं असेल.

इवाई खुराड्याच्या दारात डोकावून ठाणेदारणीची विनवणी करून आले. ती नुसती फुगली. मग माझ्याकडे वळून त्यांनी जे म्हटलं, ते मी अजून विसरले नाही. "इहीनबाई, गरज असली का कोनी कामाले येत नाई."

मंगळवारी आम्ही सगळे गावाबाहेर मरीमायच्या निंबाखाली गेलो. गोवऱ्यांचा जगरा पेटवला, रोडगे, म्हणजे कणकेचे गोळे, भाजायला टाकले, वाडीतल्या वांग्यांची भाजी चढवली. रश्शाचं मोठं गंज, म्हणजे पातेलं, वेगळं आणलं होतं, रिकामं. ते कशासाठी होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्याकडे कोणी पाहत नव्हतं. शांताराम इवायांच्या कुशीत निवांत. भगतानं त्याला नीट तपासलं. "झाक!" म्हणाला. "अशे कोंबडे आता पाहाले भेटत नाई." विहीणबाईंनी हात पुढे केले. "द्या इकडे."

"नाई."

आम्ही सगळ्यांनी इवायांकडे पाहिलं. इवायांनी मागं वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. मागं निंबाचं झाड होतं.

"काय म्हनलं?" विहीणबाईंनी विचारलं.

"नाई म्हनलं," इवाई म्हणाले. आवाज इतका बारीक, की जगऱ्यातल्या गोवरीचा तडतड आवाज मोठा वाटला. "याले नाई देत मी."

खोटं कशाला सांगू, मला इवायांचा राग आला. आयुष्यभर जो शब्द वापरला नाही तो नेमका आज काढायचा होता? माझाही जीव त्या नवसात अडकलेला होता. अंशू तिथंच माझ्या लेकीच्या मांडीवर बसून काडीनं माती उकरत होता. सलाईनच्या सुईचा डाग त्याच्या हातावर अजून होता. विहीणबाई चिडतील, सगळं गाव ऐकेल असं बोलतील, असं मला वाटलं. पण त्यांचा आवाज खाली गेला. तो आवाज खाली जाताना मी पहिल्यांदा ऐकला. "अवो, देवीले शब्द देला हाय मी. उद्या पोराले काई झालं तं?"

"तुहा शब्द खाली नाई पडू देत," इवाई म्हणाले. शांतारामला त्यांनी डाव्या बगलेत घेतलं, उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला आणि खर्र्याची पुडी काढून मरीमायच्या पुढ्यात ठेवली. "माय, तुले घरचं पाहिजे नं? हे घे. याच्याहून घरचं माह्यापाशी काई नाई. आजपासून जिभेवर ठेवीन तं मले पाहून घेजो. पोराले नाई, मले."

सगळ्यांनी भगताकडे पाहिलं. आता भगतानं म्हणायला पाहिजे होतं, की छे, ही काय देवीला द्यायची वस्तू झाली! पण त्याचा स्वतःचा गाल खर्र्यानं भरलेला. ही पुडी सोडणं म्हणजे काय असतं, हे त्या निंबाखाली त्याच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. त्यानं मान वर करून तोंडातलं सांभाळलं आणि दोन्ही हात देवीकडे नेऊन जोडले. ह्याचा अर्थ काय लावायचा तो तुम्ही लावा, असा तो नमस्कार होता.

विहीणबाईंनी त्या पुडीकडे पाहिलं. डॉक्टर, लेक, सून, सगळे थकले होते त्या पुडीपुढे. मग त्या उठल्या, देवीच्या पायाचं कुंकू बोटावर घेतलं, शांतारामच्या तुऱ्याला लावलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मरीमायच्या नावानं सोडला!" देवीच्या नावानं जनावर जितं सोडायची चाल आमच्याकडे आहेच. सोडलेल्याला मग कोणी हात लावत नाही. भगतानं ह्या वेळी मात्र मान डोलावली. विहीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, "देवीचा हाय तो आता. इथं सोडला तं कुत्रे खातीन, म्हून तिनं आपल्याकडे ठेवाले देला. नीट सांभाळजा."

"हो," इवाई म्हणाले.

ते रिकामं गंज तसंच परत नेलं. रोडगे आणि वांग्याची भाजी मात्र अशी झाली होती, की मी लाज सोडून जेवले. परतताना वाटेत इवायांनी धोतराच्या सोग्यानं शांतारामच्या तुऱ्यावरचं कुंकू हळूच पुसलं. मी पाहिलं तर ओशाळून म्हणाले, "लाल दिसलं तं ठाणेदारीन अंडे सोडून उठन, इहीनबाई. माय समजून घेईन."

त्याच थंडीत अंशूला पुन्हा ताप आला, आणि घराचा श्वास थांबला. विहीणबाई अंशूच्या कपाळावरच्या घड्या बदलत होत्या, पण इवायांकडे पाहत नव्हत्या. इवाई उंबऱ्यावर बसून होते. हात खिशात जायचा, रिकामा बाहेर यायचा. साधी सर्दी निघाली. पोरगं उठून खेळायला पळालं, तेव्हा विहीणबाईंनी कोंबड्यांना दाणे टाकले आणि शांतारामपुढे एक मूठ वेगळी टाकली. त्यानं अर्थातच कोंबड्यांना हाका मारल्या.

त्या 'नाई'नंतर इवाई सुधारतील असं कोणाला वाटलं असेल, तर तसं काही झालं नाही. ते पुन्हा सगळ्यांना, सगळ्याला 'हो' म्हणतात. परवा मी आंजीला गेले होते. शांताराम आता म्हातारा झालाय. एका डोळ्यात फूल पडलंय, कुंपणावर उडी जमत नाही, पहाटेऐवजी जाग येईल तेव्हा आरवतो. ठाणेदारीणही थकली, पण चोच अजून चालते. दुपारी जेवणं झाली, इवायांनी ताट सरकवलं, आणि हात सवयीनं सदऱ्याच्या खिशात गेला. आता त्या खिशात ज्वारी असते. त्यांनी उठून मूठभर दाणे अंगणात टाकले. शांताराम चाचपडत आला, दाण्यांपाशी उभा राहिला आणि त्या फाटक्या आवाजात 'कुट कुट कुट' करून दोन पावलं मागं सरला. कोंबड्या तुटून पडल्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, "इवाई, अहो त्याला तरी आधी खाऊ द्या. त्याचं वय झालं."

"हो," इवाई म्हणाले.

आणि दोघंही आपापल्या जागी उभे राहून कोंबड्यांचं खाणं पाहत राहिले.